अण्णांच्या छातीचं माप

मी जपानला निघालो त्या सकाळी अण्णा मैदानावर फक्की मारत होते.

आमच्या गावचं मैदान एसटी थांब्याला लागून आहे, त्यामुळे मी त्यांना दिसत होतो आणि ते मला. दोन सुटकेसा, लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि गळ्यात झेंडूचा हार अशा थाटात मी उभा होतो. हार तरुण मंडळाने घातला होता. मी जपानात जाऊन काहीतरी शोध लावणार अशी मंडळाची समजूत होती आणि ती दूर करण्याइतका प्रामाणिक मी तेव्हाही नव्हतो. आई डोळ्यांना पदर लावून सूचना देत होती, "पाणी उकळून पी. कुणाशी वाद घालू नको. अन् कान बांधत जा." आणि तिकडे माझे शहात्तर वर्षांचे वडील, पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून केलेल्या चाळणीतून पांढरी फक्की सोडत, हुतूतूच्या मैदानाची मधली रेघ ओढत होते. दुसऱ्या दिवशी पोरांचे सामने होते, हे खरं. पण रेघ संध्याकाळीही ओढता आली असती.

बस सुटायच्या आधी आई खिडकीशी आली आणि घाईघाईने म्हणाली, "त्यांचं मनावर घेऊ नको. जपान म्हटलं की त्यांना कसंतरी होतं. बापूचं आठवतं."

बस हलली. अण्णांनी कंबर सरळ केली, बसकडे पाहिलं. हात वर केला नाही. मग पुन्हा वाकले.

गावातल्या जुन्या मंडळींना बापू कोण हे सांगायला नको. पण गाव सोडून माझ्यासारखे जे जपानात टोक्योच्या ओजिमात, नागोयात, कुठे कुठे जाऊन पडले, आणि ज्यांच्या पोरांना हुतूतू हे खेळाचं नाव आहे की पक्ष्याचं हेही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगतो.

अण्णांनी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत घंटा दिली. पण ती नोकरी झाली. माणूस म्हणून ते हुतूतूचे गडी. आता त्याला कबड्डी म्हणतात, गादीवर बूट घालून खेळतात आणि टीव्हीवर दाखवतात. तेव्हा नांगरून, पाणी मारून मऊ केलेल्या मातीत उघड्या अंगाने चालायचं. एका श्वासात 'हुतूतूतू' म्हणत पलीकडच्या अंगणात शिरायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम तुटायच्या आत परत यायचं. दम तिकडे तुटला की गडी मेला. आपल्या बाजूने त्यांचा एक मारला की आपला एक मेलेला उठतो. अण्णांच्या दमाबद्दल पंचक्रोशीत अशी म्हण होती, की दत्तूनं दम घेतला की बाईनं भाकरी थापावी, भाजावी आणि मग बाहेर येऊन बघावं, दत्तू अजून तिकडंच. अशा माणसाच्या पोटी मी शेंडेफळ म्हणून जन्मलो. शाळेच्या संघात मला एकदाच घेतलं, तेही अण्णांच्या भिडेखातर. मी पहिल्या मिनिटाला मेलो आणि आमच्या बाजूने तिघांना मारूनही मला उठवायची कुणी घाई केली नाही.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा अण्णा सोळा वर्षांचे होते. गावोगावचे गडी पलटणीत जायला लागले. सातातले तीन गेले, मग सामन्याला शेजारच्या गावचे गडी उसने आणायची पाळी आली. राहिलेल्यांत अण्णा आणि बापू ही जोडी होती. दोघं हातात हात अडकवून पकड करायचे, आणि त्या कडीत अडकलेला सुटत नसे. पुढे एक दिवस दोघंही भरतीला गेले. बापूला घेतलं. अण्णांची छाती मापात कमी पडली. बापू ब्रह्मदेशात जपान्यांशी लढताना मारला गेला. त्याची धाकटी बहीण हौसा तेव्हा आठ-दहा वर्षांची होती. तिने त्या वर्षापासून भाऊबीजेला अण्णांना ओवाळलं, म्हणून ती आमची हौसाआत्या.

ही हकीकत लहानपणापासून मी इतक्या वेळा ऐकली, की त्यात काही विचारण्यासारखं आहे असं मला वाटलंच नाही. पंचक्रोशीत ज्याच्या दमाच्या म्हणी झाल्या, त्याची छाती कमी कशी पडली?

ओजिमात आम्ही सरकारी वसाहतीत राहतो. चौदा मजली, एकसारख्या इमारती. पहिल्या वर्षी मी दोनदा दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावली. आता खाली भारतीय किराणा आहे, गणपतीत आरतीला शंभर माणूस जमतं, आणि लिफ्टमध्ये एखादी जपानी आजी 'नमस्ते' म्हणते. तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा आम्ही तुरीची डाळ पुण्याहून येणाऱ्याच्या बॅगेतून मागवायचो आणि त्याची खुशाली नंतर विचारायचो.

माझं काम सॉफ्टवेअर कंपनीत ब्रिज इंजिनिअरचं. ब्रिज म्हणजे पूल. एका टोकाला टोक्योचा कस्टमर, दुसऱ्या टोकाला पुण्याची टीम, आणि मी मध्ये आडवा. पुण्याहून आवाज यायचा, "सर, त्या येड्याला सांगा, हे दोन आठवड्यांत त्याचा बाप पण करू शकणार नाही." मी समोर बसलेल्या कस्टमरच्या तानाका-सानना, म्हणजे तानाकारावांना, वाकून सांगायचो, "आमची टीम आपल्या सूचनेचा सकारात्मक विचार करत आहे." तानाका-सान श्वास ओढून म्हणायचे, "चोत्तो मुझुकाशी," म्हणजे जरा अवघड आहे, म्हणजे मेलात तुम्ही. मी पुण्याला कळवायचो, "थोडे बदल सुचवलेत." दोन्हीकडचे लोक मला फार मानायचे. खोटं बोलणं आणि मऊ बोलणं यांतली रेघ मी किती वर्षांपूर्वी ओलांडली ते मला सांगता येणार नाही, कारण त्याबद्दल मला बढती मिळत गेली.

आई गेली आणि अण्णा एकटे पडले. दिवस झाल्यावर मी म्हटलं, "अण्णा, तीन महिने चला माझ्याकडे." मला वाटलं नाही म्हणतील. ते म्हणाले, "चल. एकदा बघाय तर पायजे."

एक्याऐंशी वर्षांचे अण्णा धोतर, माझा जुना जाड कोट आणि कानटोपी अशा वेषात ओजिमात फिरू लागले. त्यांना सगळ्यात आवडलं ते कचऱ्याचं वेळापत्रक. जळणारा कचरा मंगळवारी, प्लॅस्टिक गुरुवारी, बाटल्या शुक्रवारी. "आपल्याकडं देवाला वार असत्यात, हितं कचऱ्याला," म्हणायचे आणि भल्या सकाळी स्वतः पिशवी घेऊन खाली जायचे. तिथेच त्यांची सुगावारा-सानशी गाठ पडली.

सुगावारा-सान आमच्या खाली दोन मजले राहायचे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बुटके, मान जवळजवळ नसलेले. समोरच्या बागेत सकाळी साडेसहाला रेडिओवर कवायत लागते, तिथे म्हातारी माणसं हात वर-खाली करतात. अण्णा जाऊन शेवटच्या ओळीत उभे राहू लागले. शब्द एक कळत नव्हता, पण कवायत कळते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुगावारा-साननी अण्णांच्या पोटरीकडे बोट दाखवलं आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला, सईला, विचारलं, "तुझे आजोबा काय खेळायचे?" खेळाडूच्या पोटऱ्या म्हणे लपत नाहीत. माझ्या कुणी कधी पाहिल्या नाहीत.

सईचं जपानी माझ्यापेक्षा पक्कं. तिने विचारून सांगितलं, की सुगावारा-सान रग्बी खेळायचे. उत्तरेकडे, अकिताच्या बर्फातल्या एका खेड्यात शेतकीच्या शाळेचा संघ होता. युद्ध लागल्यावर इंग्रजी शब्द बोलायला बंदी आली, म्हणून रग्बीला रग्बी म्हणायचं नाही, 'तोक्यू' म्हणायचं, म्हणजे झुंजीचा चेंडू. पुढे चेंडूच मिळेना, तेव्हा गोणपाटात पेंढा भरून खेळले. मोठे गडी एकेक करून लढाईवर गेले, तसे धाकट्या इयत्तेतले आत आले. सुगावारा-सान त्यांतले. त्यांनाही बोलावणं आलं होतं, पण हजर व्हायच्या आत युद्ध संपलं.

अण्णांनी हे सगळं मान हलवत ऐकलं. मग म्हणाले, "चेंडू कशाला लागतोय म्हणावं. आमच्यात मानूसच चेंडू."

त्या रविवारी बागेत जे झालं ते पाहून कवायतीच्या आज्यांनी पोलीस बोलावले नाहीत, हे त्यांचे उपकार. सुगावारा-साननी अण्णांच्या खांद्यात हात घालून स्क्रमची, म्हणजे खांद्याला खांदा लावून समोरच्या संघाला रेटायच्या कडीची, पहिली ओळ कशी बांधतात ते दाखवलं. अण्णांनी त्यांच्या घोट्याला हात घालून पकड दाखवली. "सई, सांग त्यांना, घोटा धरायचा, मांडी न्हाई. मांडी धरनारा उपाशी मरतो." सुगावारा-सान 'हाय, हाय', म्हणजे हो, हो, करत घोटा देत होते. मग अण्णांनी दम घातला. घसरगुंडीपासून निघाले, 'हुतूतूतू' करत गिंकोच्या झाडाला शिवले आणि परत आले. एक्याऐंशीव्या वर्षी. सुगावारा-सान तोंडाचा आ करून म्हणाले, "आणि हे बोलत बोलत करायचं?" मी त्या दिवशी फोटो काढायला विसरलो. ऑफिसच्या प्रत्येक मीटिंगचे मात्र माझ्याकडे फोटो आहेत.

दोघं बाकावर बसले. मी कोपऱ्यावरच्या कोम्बिनी दुकानातून गरम चहाचे डबे आणले. अण्णांनी विचारलं, "लढाई संपल्यावर तुमचा संघ परत जमला का?"

सुगावारा-सान म्हणाले, "नाही. बर्फ वितळल्यावर मी मैदानावर गेलो होतो. एकटाच होतो."

अण्णांनी हातातला डबा बाकावर ठेवला. मग सईला म्हणाले, "तू जा, झोका खेळ." ती चार पावलांवर जाऊन उभी राहिली. अण्णा माझ्याकडे वळले.

"ह्यांना नीट सांग. बापूची आई त्याला सोडत नव्हती. मी म्हनलो, मावशी, मी संगं हाय. तवा सोडलं तिनं. रांगंत मी फुडं, बापू माझ्या पाठीमागं. डाक्टरनं फीत लावली, म्हनला, भर. आन् मी भरली न्हाई. कमी पडली न्हाई रं, मी भरलीच न्हाई. पोटात भ्या शिरलं. खांदं उचललं, भरल्यागत केलं, आत वारा घेतला न्हाई. दमावर जगलेली मानसं आमी, जमतंय ते आमाला. बापूला पाठीमागनं काय दिसनार? त्यानं मी शिकिवली तशी भरली. गच्च. घरी आलो तर मावशीनं मलाच जेवाय वाढलं. म्हनली, पोरा, वाईट वाटून घिऊ नको. आन् त्या रांगंत..."

"अण्णा, थोडक्यात सांगा," मी म्हणालो. "मला एवढं एकदम लक्षात नाही राहत."

मीटिंगमध्ये मी रोज म्हणतो ते वाक्य. तोंडातून गेलं.

अण्णा थांबले. "थोडक्यात व्हय?" म्हणाले. "मग एवढंच इचार. असा गडी तुमी तुमच्या संघात घेतला असता का?"

सुगावारा-सान माझ्याकडे पाहत होते, चेहरा हसरा, हातात चहाचा डबा. आणि मी, वीस माणसांच्या बैठका सांभाळणारा पूल, वाकून म्हणालो, "वडिलांचे एक मित्र युद्धात गेले. वडिलांना त्यांची फार आठवण येते. ते विचारतात, तुम्ही त्यांना तुमच्या संघात घेतलं असतं का?"

"मोचिरोन!" सुगावारा-सान उठूनच उभे राहिले. अर्थातच. त्यांनी पुन्हा अण्णांच्या खांद्यात हात घातला. "पुढच्या ओळीत. माझ्या शेजारी."

मी अण्णांना सांगितलं, "हो म्हणाले. आनंदाने घेतलं असतं म्हणाले."

माझ्या वडिलांना रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही. ते सुगावारा-सानच्या छातीवर डोकं टेकवून रडले. सुगावारा-सानही रडले, पण ते त्यांच्या संघासाठी रडत असावेत. सईने माझी बाही ओढली.

"बाबा, छातीचं राहिलं."

"नंतर," मी म्हणालो.

मी असं का केलं, याची कारणं मी पुष्कळ जमवली आहेत. सवय. इतका छान दिवस नासू नये ही इच्छा. ज्याच्या संघातली पोरं परत आली नाहीत त्याला हे ऐकवायचं कसं ही भीड. सगळी खरी आहेत. पण तळाशी एकच आहे, मला लाज वाटली. एका जपानी शेजाऱ्यापुढे माझा बाप भ्याला होता, असं माझ्याच तोंडाने मला म्हणायचं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात अण्णांना नारिता विमानतळावर सोडायला गेलो. चेहऱ्यावर तेज होतं. आत जायच्या आधी म्हणाले, "त्यो न्हाई म्हनला असता तर हौसाच्या दारात जाऊन सांगायचं ठरिवलं हुतं मी. मावशी तर गेली. पन आता खेळाडूनंच सांगितलं, आन् त्यो बी तिकडचा. आता कशाला तिला उकरून दुखवायचं?"

तिथे मला बोलायला हवं होतं. अण्णा, मी पूर्ण सांगितलं नाही. अण्णा, परत चला, ट्रेनने तासाभराचा रस्ता आहे, पुन्हा विचारू. मी म्हणालो, "पासपोर्ट हातात ठेवा." ते आत गेले.

त्यानंतर नऊ वर्षं अण्णा जगले. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न, "सुगाव्वा बरे हायत का?" मी म्हणायचो, बरे आहेत. तिसऱ्या वर्षी सुगावारा-सान घर सोडून मुलीकडे अकिताला गेले. पत्ता मी घेतला नाही. कधी घेईन म्हणत राहिलो आणि एक दिवस त्यांच्या दारावर दुसरी पाटी दिसली. तरी अण्णांना मी 'बरे आहेत' म्हणत राहिलो. सुट्टीत गावी गेलो की अण्णा मैदानाच्या कडेला पोरांवर ओरडत बसलेले असायचे, आणि दर भाऊबीजेला कोरा सदरा घालून हौसाआत्याकडे जायचे. गेले तेव्हा नव्वद वर्षांचे होते. अंत्यविधीला मी पोचलो नाही. टोक्यो, दिल्ली, पुणे करून पोचलो तेव्हा राख झाली होती. हौसाआत्या माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "माझा दुसऱ्यांदा भाऊ गेला रं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेही मला चांगलं जमतं.

यंदा मंडळाच्या पोरांचा फोन आला. मैदानाला अण्णांचं नाव द्यायचं ठरतंय, स्मरणिका काढायची आहे. "काका, अण्णांवर लिहा ना. थोडक्यात, दोन पानं."

मी लगेच लिहिलं. 'शारीरिक मापात किंचित कमी पडल्याने त्यांना सैन्यात जाता आले नाही, तथापि त्यांनी क्रीडाक्षेत्रात गावाचे नाव उज्ज्वल केले.' असं दोन पानं. सई नागोयाहून सुट्टीला आली होती. ती आता एकोणतीस वर्षांची, मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर. मराठी बोट ठेवून वाचते. तिचं बोट त्या वाक्यावर येऊन थांबलं.

"बाबा, हे खरं नाही ना?"

"अगं, स्मरणिकेत असंच लिहितात."

"आजोबा रडले होते त्या दिवशी. मला वाटलं मी मोठी झाले की तुम्ही सांगाल, का नाही सांगितलं ते." मग म्हणाली, "आजोबांचं आता काही करता येत नाही. पण त्या आज्जी आहेत ना अजून? त्यांना कोण सांगणार?"

मी नेहमीप्रमाणे एक मऊ उत्तर शोधायला लागलो. ती जपानीत म्हणाली, "नाही सांगायचं असेल तर नाही म्हणा. पण नीट म्हणा."

म्हणून मागच्या महिन्यात मी गावी येऊन गेलो. सुट्टी नव्हती, लग्नकार्य नव्हतं, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना कोडं पडलं होतं. मी हौसाआत्याकडे आलो होतो.

तिचं घर आमच्या दारापासून पन्नास पावलांवर आहे. नव्वदी ओलांडलेली, पण कान शाबूत. ओसरीत सुपात हरभरे निवडत होती. मी जमिनीवर बसलो आणि बागेतल्या बाकावर अण्णा जे बोलले ते सगळं सांगितलं. मग मी काय केलं तेही सांगितलं. मराठीत सांगायला इतकं कठीण जाईल असं वाटलं नव्हतं. इथे मऊ शब्द मला येतच नाहीत, मऊ शब्द मी सगळे परदेशात शिकलो.

तिचे हात मध्येच थांबले होते. मी संपवल्यावर तिने मुठीतले हरभरे सुपात टाकले. मग म्हणाली, "वोवाळला मी त्याला. सगळा जल्म वोवाळला."

"हो आत्या."

"आमची आई मरस्तवर म्हनायची, दत्तूची छाती भरली असती तर माझा बापू एकटा मेला नसता. देवाला दोष द्यायची. दत्तूच्या छातीसाठी देवाला!" तिने सूप बाजूला सारलं. "जपानच्या मानसाला सांगाय विमानानं गेला. हितनं हितं यायला जमलं न्हाई व्हय त्याला?"

"येणार होते आत्या. माझ्यामुळे राहिलं."

"तू जा आता."

दुसऱ्या दिवशी गेलो तर सून दारातूनच म्हणाली, आत्याबाई आडव्या झाल्यात, कुणाशी बोलत नाहीत. तिसऱ्या दिवशीही तेच. मी विमानाचं तिकीट पुढे ढकललं. ऑफिसला कळवलं, घरगुती अडचण. चौथ्या दिवशी तिनेच ओसरीतल्या अंथरुणापाशी बोलावलं.

मी विचारलं, "आत्या, हे स्मरणिकेत लिहू का? तू नको म्हणालीस तर नाही लिहिणार."

"लिही," ती म्हणाली. "समदं लिही. दत्तू चांगला हुता, ते बी लिही. आन् त्याचं नाव नीट घाल. बापू न्हवं. ज्ञानदेव." सत्तावन्न वर्षांचा होईपर्यंत मला बापूचं खरं नाव ठाऊक नव्हतं. तुमच्यातल्या किती जणांना होतं?

मी उठायला लागलो, तेव्हा तिने माझ्या मनगटाला धरलं.

"एक इचारू? रांगंत दोघं संगंच हुते म्हनतोस. दत्तू भायेर आला, बापू आत गेला, मग आमाला दिसलाच न्हाई परत. त्यो शेवटाला काय बोलला, ते दत्तूनं सांगितलं का रं तुला?"

अण्णा सांगत होते. 'आन् त्या रांगंत' इथपर्यंत आले होते, आणि मी त्यांना थांबवलं होतं.

"मला माहीत नाही आत्या," मी म्हणालो. "ते सांगणार होते. मी मध्येच थांबवलं."

"कशापायी?"

"घाईत होतो."

तिने माझं मनगट सोडलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "त्येवढंच हुतं माझं," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

तर मंडळाच्या पोरांनो, दोन पानांत मावलं नाही. जे घडलं ते वर लिहिलं आहे. मैदानाला नाव कुणाचं द्यायचं ते तुम्ही गावाने ठरवा. अण्णांचं द्या, ज्ञानदेवचं द्या, दोघांचं द्या, नाहीतर मैदानच म्हणा. मी मत देणार नाही. आजवर दुसऱ्यांच्या वतीने मी पुरेसं बोललो आहे.

ओजिमात पंचवीस वर्षं झाली. इथली माझी किल्ली आता चुकत नाही. कधी नवीन आलेली पुण्याची पोरं लिफ्टमध्ये विचारतात, "काका, घर कुठलं तुमचं?" पूर्वी मी तालुका, जिल्हा सांगून, अण्णांचा एखादा किस्सा सांगून त्यांना हसवायचो. आता नुसतं गावाचं नाव सांगतो. मनात आमचं घर येतच नाही. पुढची पन्नास पावलं येतात, आणि ती ओसरी, जिथे एका बाईने मला जन्मात एकच गोष्ट विचारली आणि ती माझ्याकडे नव्हती. दिवाळीत मी जाणार आहे. बोलावणं आलेलं नाही. तिने बसू दिलं तर बसेन.